काचेतले ऊबदार पाणी

मत्स्यालयाचा इतिहास आपण बहुधा काचेचा आणि माशांचा इतिहास म्हणून वाचतो. तो उष्णतेचाही इतिहास आहे. थंड देशातील दिवाणखान्यात उष्ण कटिबंधातला मासा जगवायचा, तर त्याचे हवामानही त्याच्यासोबत आणावे लागते. आणि हवामान जहाजात भरता येत नाही.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून एक ‘समतोल’ दाखवून दिला. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, गोगलगायीने कुजका पाला खावा, माशाने जगावे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अॅक्वेरियम’ प्रसिद्ध झाले आणि काचटाकी सुखवस्तू घरांची शोभा ठरली. स्वयंपूर्ण जगाची ही कल्पना मोहक खरी, पण तिच्यात एक गृहीत दडले होते. सोनमासा काय किंवा गॉस यांचे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे जीव काय, सारे थंडीला सरावलेलेच होते.

१८६९ मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांच्याकडे चीनमधून पॅराडाइज मासे आले. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो आणि गार पाणीही सोसतो. तो तगला यात नवल नाही. त्याच्याहून नाजूक माशांसाठी मात्र टाकीखाली ज्योत आली. धातूचा किंवा पाटीच्या दगडाचा तळ आणि त्याखाली तेलाचा, स्पिरिटचा वा गॅसचा दिवा. ज्योत वाढली की पाणी तापे, विझली की रातोरात गारठे. शिवाय ऊबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना जेमतेम ८. ऊब देणारा हातच श्वास आखडून घेत होता.

विसाव्या शतकात काचनळीतला विजेचा हीटर आला, आणि पाणी पुरेसे तापताच वाकून विद्युतप्रवाह तोडणारी द्विधातूची पट्टीही. ज्योतीची काळजी मिटली. परावलंबन मात्र मिटले नाही, ते दृष्टीआड झाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये खाणकामगारांच्या संपामुळे ब्रिटनमधील घरांची वीज पाळीपाळीने जाऊ लागली. अशा वेळी टाकीला घोंगडी लपेटावी आणि पाण्याच्या सावकाश निवण्यावर भिस्त ठेवावी, एवढेच हाती उरते. वनस्पती, गोगलगाय आणि मासा यांच्या समतोलात चौथा घटकही होता : जमिनीखाली कोळसा फोडणारा माणूस.

साहित्यकृतीलाही आपण ‘स्वायत्त विश्व’ म्हणतो. ते म्हणणे सोडून द्यावे असे नाही. पण त्या विश्वातील ऊब कोठून येते, हा प्रश्न वर्गात विचारला जायला हवा, असे आम्हांला वाटते.