दोन कडू द्रव्ये आणि चांद्याचे वाजणारे कान

‘कान वाजणे’ हा वाक्प्रचार मराठीत बहुधा दुसऱ्याला खोटे पाडण्यासाठीच वापरला जातो. कोणी हाक मारली असे वाटून आपण दाराशी जातो, दारात कोणीच नसते, आणि घरातले म्हणतात, तुझे कान वाजले. जे ऐकले ते नव्हतेच, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्याचे कान खरोखरच रात्रंदिवस वाजतात, त्याचे काय? त्याच्या तक्रारीलाही हाच वाक्प्रचार आणि हाच अविश्वास वाट्याला येतो. ‘कर्णनाद’ हा वैद्यकातला शब्द आहे खरा, पण तो ग्रंथाबाहेर फारसा पडला नाही.

या कर्णनादाचा एका मर्यादित प्रदेशातला इतिहास येथे मांडावयाचा आहे. प्रदेश जुन्या चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचा. निमित्त दोन लहानशा घटनांचे आहे. आमच्यापैकी एकाने नव्वदच्या दशकात भामरागडकडे शिक्षकी केली. तेथे त्याला हिवतापाने गाठले, क्विनीन द्यावे लागले, आणि दुसऱ्याच दिवशी कानांत बारीक शीळ सुरू झाली. औषध संपले, आठवड्याभरात शीळही संपली. दुसरी घटना अलीकडची. खाणीत तीस वर्षे पाळ्या करून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी कान वाजतात म्हणून दाखवायला गेले, आणि ‘चहा सोडा, दुपारचे झोपू नका’ एवढा उपदेश घेऊन परतले. चहा सोडल्यावर तीन दिवस त्यांचे डोके ठणकत राहिले. कान पूर्वीसारखेच वाजत आहेत. ज्या द्रव्याने कान खरोखर वाजतात त्याची आठवण पुसली गेली, आणि ज्याच्यावर तसा दोष सिद्ध झालेला नाही तो चहा मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, हे कसे झाले असावे?

प्रथम ग्रंथांकडे वळू. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद, म्हणजेच प्रणाद, आहे. शब्द वाहून नेणाऱ्या मार्गांत वायू आडवाटेला शिरला की नाना प्रकारचे ध्वनी ऐकू येतात, अशी त्याची उपपत्ती. पुढच्या निदानग्रंथांत या ध्वनींना भेरी, मृदंग, शंख यांच्या उपमा आल्या. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थबकावेसे वाटते, कारण पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधानाचे टप्पे सांगतो तेव्हा हीच वाद्ये पुन्हा भेटतात. आधी समुद्र, मेघ आणि भेरी, मग मर्दल, शंख आणि घंटा, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातून अनाहताची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. एकच नाद वैद्याच्या वहीत व्याधी ठरतो आणि योग्याच्या वहीत सिद्धीची खूण. दोन्हींचे उगमस्थान एक आहे असा दावा आम्ही करीत नाही. परंतु बाहेर काही वाजत नसताना आत वाजते, हा अनुभव सांगण्यासाठी दोन्ही परंपरांना एकाच वाद्यवृंदाकडे जावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. युरोपात बेडरिख स्मेटाना या संगीतकाराने १८७६ च्या आपल्या तंतुवाद्य-चौकडीच्या शेवटच्या भागात एक लांबलेला, टोचणारा उंच स्वर घातला. तो त्याच्या स्वतःच्या कानात वाजणारा स्वर होता.

सुश्रुताचे पथ्यही पाहण्यासारखे आहे. कर्णरोगात तूप घ्यावे, व्यायाम टाळावा, डोक्यावरून स्नान करू नये, आणि फार बोलू नये. (हे शेवटचे पथ्य आम्हा प्राध्यापक मंडळींना सर्वांत अवघड.) त्यात चहा नाही, आणि असणार तरी कसा?

आता चांद्याच्या रानात येऊ. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड हा सगळा टापू पावसाळ्यानंतर हिवतापाचा. या तापावर परिणामकारक ठरलेले पहिले शुद्ध औषध क्विनीन. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी ते सिंकोनाच्या सालीतून वेगळे काढले. १८६० नंतर नीलगिरीत सिंकोनाची लागवड झाली. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनीनची पैशाला एक पुडी विकली जाऊ लागली आणि ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. अर्थात टपाल कचेरी जेथे नाही तेथे पुडीही नाही, आणि दक्षिण चांद्यातील बहुतेक गावे अशीच होती.

क्विनीनचा गुण आणि अवगुण एकमेकांना चिकटलेले आहेत. पुरेशी मात्रा पोटात गेली की कान गुणगुणतात, ऐकू कमी येते, मळमळते, गरगरते. आतल्या कानातील केशपेशींच्या कामात ते तात्पुरता अडथळा आणते आणि औषध थांबवले की हा त्रास सहसा ओसरतो. जुन्या काळचे डॉक्टर या गुणगुणण्याचा उपयोग करून घेत. कान वाजू लागले, म्हणजे मात्रा लागू पडली! रक्तातले प्रमाण मोजण्याची सोय नसताना रोग्याचा कान हेच मोजमापाचे साधन होते. कर्णनादाच्या इतिहासातील हे पान आम्हाला सर्वांत बोलके वाटते, कारण येथे कान वाजणे हे आजाराचे लक्षण नसून माणूस वाचण्याच्या शक्यतेचे लक्षण आहे.

तो ऋतूही विसरता येत नाही. तापाचे दिवस आणि रातकिड्यांचे दिवस एकच. ओल्या रानात अंधार पडला की झाडोऱ्यातून जो अखंड किरकिराट उठतो त्यात क्विनीनची शीळ मिसळून जाते. आमचा शिक्षकमित्र सांगतो की बाहेरचे कुठले आणि आतले कुठले हे त्याला पहाटेपर्यंत उमगत नसे. पहाटे किडे थांबले की कळे.

१९४२ साली जपानने जावा बेट घेतले, सिंकोनाचा पुरवठा तुटला, आणि युद्धाच्या रेट्यात कृत्रिम औषधे पुढे आली. नंतर क्लोरोक्वीनचे युग सुरू झाले, १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, आणि क्विनीन कपाटाच्या मागच्या फळीवर गेले. पण १९७३ साली आसामात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फॅल्सिपॅरम आढळला. त्याच वर्षी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि मेंदूपर्यंत पोचणाऱ्या या तापाशी तेथे पुढे वर्षानुवर्षे झुंज द्यावी लागली. अशा प्रतिकारी आणि गंभीर तापासाठी क्विनीन परत आले. आर्टिसुनेट व त्याची संयुक्त औषधे रुळल्यावर ते पुन्हा मागे पडले. आज तरुण डॉक्टरला क्विनीनने वाजणारे कान पुस्तकातच भेटण्याची शक्यता अधिक.

दुसरे कडू द्रव्य कॅफीन. ते क्विनीनचे जवळजवळ जुळे भावंड म्हणावे असे आहे. १८१९ साली फ्रीडलीप रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला एका वृद्ध कवीने कॉफीचे दाणे देऊन, यांचे पृथक्करण करून पाहा, असे सुचवले. त्यातून कॅफीन हाती लागले. तो कवी म्हणजे गटे. (काव्याचा जगाला काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.) पेल्तिए आणि काव्हांतू ही क्विनीनची जोडीही दोनच वर्षांनी स्वतंत्रपणे कॅफीनपर्यंत पोचली होती.

चहा चांद्यात आला तो मात्र रसायनशास्त्राच्या नव्हे, व्यापाराच्या वाटेने. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून देशातल्या माणसाला चहाची सवय लावण्याची मोहीम चालली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने आणि कोळसा खाणी येथे चहाचे ठेले उभे राहिले. चांदा जिल्ह्याची कोळशाशी ओळख त्याआधीची आहे. वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये बंद पडली, आणि पुढे बल्लारपूरकडचा कोळसा निघू लागला. खाण, पाळी आणि चहा हे त्रिकूट या मातीत तेव्हापासून जमत गेले. रात्रपाळीच्या माणसाला चहा हे पेय नसून घड्याळ आहे.

मग चहावर हा राग का? आमच्या मते त्यात वैद्यकापेक्षा नीतीचा भाग मोठा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामी राहिले. १९४२ साली आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी चहा, कॉफी आणि कोको शरीराला अनावश्यक ठरवले. विदर्भातील कित्येक सुसंस्कृत घरांत चहा ‘सुटलेला’ असणे ही अभिमानाची गोष्ट होती. ज्या आजाराचे कारण सापडत नाही त्यासाठी आधी जिभेचे लाड बंद करावेत, हा आपला जुना संस्कार. पाश्चात्त्य डॉक्टरही कर्णनादात कॅफीन टाळण्याचा सल्ला दीर्घकाळ देत आले, त्यामुळे या संस्काराला इंग्रजी शिक्काही मिळाला.

पुरावा काय सांगतो? २०१० साली ब्रिटनमध्ये ६६ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना नकळत काही दिवस कॅफीन दिले आणि काही दिवस बंद केले. बंद केल्याने कर्णनाद कमी झाला नाही, उलट सवय तुटल्याची डोकेदुखी व मरगळ तेवढी पदरी पडली. आमच्या शेजाऱ्यांचे तीन दिवस येथे वाचकांना आठवतील. २०१४ साली अमेरिकेतील ६५ हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात अधिक कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नव्याने कर्णनाद जडण्याचे प्रमाण किंचित कमीच होते. यावरून चहा हे औषध ठरत नाही, कारण असा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. मात्र चहा गुन्हेगार आहे असे म्हणण्याला आधार उरत नाही. एक वाट शिल्लक राहते. उशिरा घेतलेल्या चहाने झोप उडते, आणि झोप उडाली की वाजणारा कान अधिक छळतो.

म्हणजे प्रश्न झोपेपाशी येऊन ठेपतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० जणांना एकेक करून ध्वनिबंद खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांना कसला ना कसला नाद ऐकू आला. निःशब्दता पुरेशी असेल तर जवळजवळ प्रत्येकाचाच कान वाजतो. ज्याचा मुळातच वाजतो त्याला निजानीज झाल्यावरची वेळ म्हणूनच कठीण जाते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलेल्या कल्पनेप्रमाणे गाढ झोपेतील मेंदूच्या मंद लहरी या नादामागील हालचालीला काही काळ दाबून ठेवीत असाव्यात. ही अद्याप कल्पनाच आहे. पण झोप आणि नाद यांची ओढाताण दोन्ही बाजूंनी चालते, हे रुग्णांना संशोधकांच्या आधीपासून ठाऊक आहे.

दुपारच्या डुलकीचे प्रकरण अधिक गमतीचे. काही रुग्णांचा नाद डुलकीनंतर स्पष्टपणे वाढतो. फ्रान्समध्ये याचा अभ्यास झाला आहे, आणि कारणाचा उलगडा पुरता झालेला नाही. म्हणजे ‘दुपारचे झोपू नका’ हा सल्ला काहींच्या बाबतीत बरोबर ठरेल. पण तो सरसकट देताना आपल्याकडे चरकाचा हवाला दिला जातो, आणि तो अर्धाच दिला जातो. रात्रीचे जागरण रूक्षता वाढवते आणि दिवसाची झोप स्निग्धता, असे चरक म्हणतो खरा. परंतु ग्रीष्मात तो दिवसा झोपण्याची मोकळीक देतो. वृद्ध, दुर्बळ, प्रवासाने वा ओझ्याने शिणलेले आणि रात्री जागलेले यांनाही देतो. गायनाने व अध्ययनाने थकलेल्यांचाही या सवलतीत समावेश आहे, हे येथे आनंदाने नमूद करतो. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात, तीस वर्षे रात्रपाळी केलेल्या वृद्धाला दुपारी आडवे होण्यास चरकाने तरी हरकत घेतली नसती.

आणि मुख्य प्रश्न विचारलाच गेला नव्हता. चहा किती घेता, झोपता केव्हा, हे विचारून झाले. कामावर कोठे होता, हे नाही. १९७५ साली खाण सुरक्षा महासंचालनालयाने आठ तासांच्या पाळीसाठी ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० डेसिबल ही धोक्याची पातळी ठरवून दिली होती. दीर्घकाळच्या गोंगाटाने झिजलेल्या केशपेशी परत उगवत नाहीत. क्विनीन थांबवता येते, आणि थांबवले की शीळ थांबते. गोंगाटाचे तसे नाही.

आम्ही त्यांना विचारले. कोळसा फोडणाऱ्या क्रशरपाशी, म्हणाले, अठरा वर्षे. कानांत कापसाचे बोळे घालत असत, पण मग साहेबाची हाक ऐकू येत नसे म्हणून काढून ठेवत. गेल्या श्रावणात त्यांनी चहा पुन्हा सुरू केला, सकाळी एक आणि चारच्या सुमारास एक. रात्री खिडकी उघडी ठेवून निजतात. डास येतात म्हणून घरातल्यांची कुरकुर असते, तेव्हा मच्छरदाणी लावली आहे. बाहेर रातकिडे चालू असले की डोळा लवकर लागतो, असे ते सांगतात.