शैवाल की प्राणी? प्रोटोमेलिसियनची भानगड

आज बोलूया एका चिमुकल्या जीवाश्माबद्दल, ज्याच्यावरून 'नेचर'मध्ये दीड वर्षाच्या आत दोन उलटसुलट निकाल छापून आले. नाव प्रोटोमेलिसियन. वय पन्नास कोटी वर्षांहून जास्त, म्हणजे कँब्रियन काळातलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून 1993 मध्ये त्याचं बारसं झालं.

दिसतं कसं? मधाच्या पोळ्यासारखं. बारीक बारीक कप्पे, एकमेकांना खेटून. ऑक्टोबर 2021 मध्ये संशोधक म्हणाले, हा ब्रायोझोआ आहे. ब्रायोझोआ म्हणजे वसाहत करून राहणारे समुद्री प्राणी. एकेका कप्प्यात एक जीव, त्याला तोंडाभोवती तंतू आणि यू आकाराचं आतडं. नावाचा अर्थच मुळी 'मॉससारखा प्राणी', म्हणजे घोटाळ्याची सोय नावातच केलेली!

या बातमीने एवढी खळबळ का उडाली? कठीण सांगाडा असलेले प्राण्यांचे सगळे मोठे गट कँब्रियनमध्ये हजेरी लावतात, फक्त ब्रायोझोआ गैरहजर. त्यांचे निर्विवाद जीवाश्म सुरू होतात साधारण 48 कोटी वर्षांपूर्वी. प्रोटोमेलिसियनमुळे हजेरीपट पूर्ण झाला असं वाटलं.

मग आला मार्च 2023. चीनच्या युन्नान प्रांतात शियाओशिबा नावाच्या ठिकाणी असे नमुने मिळाले, ज्यांत मऊ भागही टिकला होता. सांगाडा टिकणं नेहमीचं, मऊ भाग टिकणं म्हणजे लॉटरी. चिनी संशोधक आणि डरहॅमचे मार्टिन स्मिथ यांनी कप्प्यांतून काय बाहेर येतंय ते पाहिलं. तंतू नाहीत, आतडं नाही. नुसती साधी मांसल पाती. त्यांचा निकाल: हे डेसिक्लॅड, म्हणजे हिरवं शैवाल.

डेसिक्लॅडमध्ये मधे एक दांडा असतो आणि त्याच्याभोवती फांद्यांची वलयं. अनेक जातींत बाहेरून चुन्याचा थर चढतो. शैवाल कुजलं की उरते भोकं भोकं असलेली नळी, आणि ती हुबेहूब प्राण्याच्या घरासारखी दिसते. या भोकांनी पूर्वीही फसवलंय बरं का. एकोणिसाव्या शतकात असे जीवाश्म फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय जीव, समजले जात. 1877 मध्ये फ्रान्सच्या म्युनिए-शाल्मास यांनी ते जिवंत डेसिक्लॅडशी ताडून पाहिले आणि शैवालांत नेऊन बसवले.

मला स्वतःला 2023 चा पुरावा जास्त पटतो, कारण 2021 चा दावा मुख्यतः सांगाड्याच्या ठेवणीवर उभा होता. पण सगळ्यांनी या निकालावर सही केलेली नाही. आणि निकाल टिकला, तर प्राण्यांचे सगळे आराखडे कँब्रियनच्या एकाच धडाक्यात तयार झाले, या कथेला भोक पडतं: ब्रायोझोआ कोट्यवधी वर्षं उशिरा आले असतील. कँब्रियनचे ब्रायोझोआ खरंच दाखवायचे असतील, तर आता कुणालातरी कप्प्यात तंतू शाबूत असलेला नमुना शोधावा लागेल.