कबीरांच्या मागाला सूत कोणी दिले?



आमच्या घोडपदेवात सप्ताह बसला की सहाव्या दिवशी हरिपाठ आणि कीर्तन यांच्या मधल्या वेळात मुलांचा संतदर्शनाचा देखावा असतो. तुमच्याही गावी असेल. गोरोबाकाका चिखल तुडवतात, सावतोबा खुरपे घेऊन मळ्यात बसतात, जनाई जात्याशी, नामदेवराय नैवेद्याचे ताट घेऊन उभे. आणि संत कबीर. आमच्याकडे कबीरांच्या वाट्याला वर्षानुवर्षे एक पेटीचरखा यायचा, कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला. कबीर झालेला मुलगा मांडी घालून चाक फिरवायचा आणि लोक हात जोडून पुढे सरकायचे.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने तालमीच्या वेळी विचारले, "काका, कबीर विणकर होते ना? मग ते सूत का काततायत?"

मी म्हटले, "बस खाली." उत्तर येत नसले की मोठी माणसे असेच म्हणतात.

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझे वडील गिरणीच्या सूतखात्यात होते. आमच्या खिडकीतून दिसायची ती कॉटन ग्रीनकडची कापसाची गोदामे. पूर्वी कापसाच्या गासड्यांचा बाजार कोटात, टाऊन हॉलपुढच्या मोकळ्या हिरवळीवर भरायचा. तिथून तो 1844 मध्ये कुलाब्याला आणि पुढे 1920 च्या दशकात आमच्या शेजारी आला, पण येताना 'ग्रीन' हे नाव घेऊनच आला. एवढ्या कापसाच्या आणि सुताच्या शेजारात वाढलेल्या मला कातणे निराळे आणि विणणे निराळे हे एका मुलीने सांगावे लागले.

आधी त्या पेटीचरख्याची गोष्ट. तो चरखा संतांच्या काळचा नाहीच. घडी घालून पेटीत बसणारा चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात 1930 च्या सुमारास घडवून घेतला. म्हणून त्याला येरवडा चरखा म्हणतात. कबीर पंधराव्या शतकातले. म्हणजे आम्ही त्यांच्या हातात जवळपास पाचशे वर्षे पुढची वस्तू देत होतो. देवाच्या दारात अशा गोष्टीला कोणी हसत नाही, भाव महत्त्वाचा, हे मलाही मान्य आहे. पण भाव खरा असताना वस्तूही खरी असायला काय हरकत आहे?

मग मोठा, उभ्या चाकाचा चरखा तरी तेव्हा होता का? आपल्या देशात चरख्याचा स्पष्ट उल्लेख पहिल्यांदा सापडतो तो 1350 मध्ये, आणि तोही आपल्या दख्खनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात. इसामी नावाचा फारसी कवी, 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादेला हलवली त्यात सोळा वर्षांचा असताना इकडे आला. वाटेतच त्याचे म्हातारे आजोबा वारले. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाला राहून त्याने 'फुतूह-उस-सलातीन' लिहिला. त्यात रझिया सुलतानेविषयी लिहिताना तो म्हणतो की बाईने गादीवर नव्हे, चरख्यापाशी बसावे. चरख्याची आपल्याकडची पहिली नोंद ही अशी बाईला मारलेल्या टोमण्यात आहे. टोमण्यातून एवढे मात्र नक्की कळते की 1350 पर्यंत चरखा घरोघरच्या बायकांच्या हाती गेलेला होता. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेल्या वस्तूचा टोमणा बसत नाही.

ज्ञानोबारायांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती 1290 मध्ये, म्हणजे त्या नोंदीच्या साठ वर्षे आधी. मुक्ताईच्या आळंदीत चरखा होताच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. टकळी मात्र नक्की होती. त्याच नेवाशाला 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. तिथे एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष निघाले. त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू होते. दफन तीन हजार वर्षांहून जुने. माउली, आपण पैसाच्या खांबाला मिठी मारतो त्याच भूमीत, माउलींच्याही दोन हजार वर्षे आधी, कोणीतरी आपल्या लेकरासाठी बोटांनी सूत पिळले होते.

म्हणून आम्ही टकळीवर आलो. तुमच्यातल्या वयस्कांना शाळेतली पितळी टकळी आठवत असेल. वाटीत टेकवून फिरवायची ती. आम्ही त्याहून जुन्या पद्धतीची केली, बांबूची गुळगुळीत काडी आणि तिच्यात अडकवलेली मातीची भाजलेली चकती. कापूस विदर्भातल्या एका नातेवाइकाने सरकीसकट पाठवला. तो हाताळताना लक्षात आले की इथेही पूर्ण खरेपणा शक्य नाही. संतांच्या काळची कपाशी देशी, आखूड धाग्याची. आज शेतात दिसते ती बहुतेक अमेरिकन कुळातली, लांब धाग्याची. तिने काम सोपे होते. तरीही पहिले चार दिवस आमच्याकडून दोरी निघाली, सूत नव्हे.

सरकी बोटांनी काढायची, मग कापूस पिंजायचा, त्याचे पेळू वळायचे. पेळूतून तंतू ओढत टकळीला गरका द्यायचा. ओढ जास्त झाली तर धागा तुटतो, पीळ जास्त झाला तर गाठ बसते. दोन्ही हातांना निरनिराळे काम आणि डोळा तिसरीकडे. मुलांपेक्षा मुलींचे हात लवकर बसले असे मी म्हणणार नव्हतो, पण बसले खरे. तीन आठवड्यांनी त्यांतली सर्वांत तरबेज मुलगी, तीच प्रश्न विचारणारी, तासाला चाळीस मीटर सूत काढू लागली.

आता तुम्ही माझ्याबरोबर एक हिशेब करा. कीर्तनकारांच्या खांद्यावरचे साधे उपरणे घ्या. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, सेंटीमीटरला बारा उभे धागे आणि बारा आडवे. उभे धागे बाराशे, प्रत्येक दोन मीटरचा, म्हणजे चोवीसशे मीटर. आडवेही तितकेच. एकूण अठ्ठेचाळीसशे मीटर, पाच किलोमीटरला थोडे कमी. आषाढीला पंढरपूर गाठता आले नाही की आम्ही घोडपदेवहून वडाळ्याच्या विठ्ठलाला पायी जातो. जवळपास त्या वाटेएवढा लांब धागा एका उपरण्यात असतो. आमच्या मुलीच्या वेगाने तो कातायला एकशे वीस तास. सराईत बाई तिच्या तिप्पट वेगाने कातेल असे धरले तरी चाळीस तास. आणि तेवढे कापड चांगला विणकर एका दिवसात मागावरून उतरवतो.

म्हणजे एक माग रोज चालायचा तर चार-पाच बायकांनी दिवसभर दुसरे काहीच न करता कातत राहिले पाहिजे. पण ज्या बाईला दळण, पाणी, गुरे, मूल असे सगळे आहे, ती कातणार फावल्या वेळात, दिव्याच्या उजेडात. तेव्हा एका मागामागे दहा घरे म्हटली तरी जास्ती नाहीत. चरख्याने हा वेग पुष्कळ वाढवला, पण बायका घटल्या नाहीत, कापड वाढले.

महिपतीबुवांनी 1762 मध्ये 'भक्तविजय' पुरा केला. त्यात कबीरांच्या कथा आपण भक्तीने ऐकतो. विणलेले वस्त्र ते दारी आलेल्याला देऊन टाकतात, ही कथा कीर्तनात आली की डोळे भरतात. मलाही भरून येते. पण तो हिशेब केल्यापासून माझ्या मनात दुसराही विचार येतो. त्या वस्त्रात काशीच्या कितीतरी बायकांच्या रात्री होत्या. दान एकट्याचे नव्हते. नामदेवरायांच्या सुईतला दोराही असाच कोणाचा तरी.

आपल्या घोंगडीचेही तेच. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984 च्या ग्रंथात आपल्या पंढरीरायाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. ते सर्वांना पटो न पटो, वारकऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी त्याच समाजाकडून आली यात वाद नाही. मेंढ्या कातरायच्या पुरुषांनी, लोकर पिंजून कातायची बायकांनी, विणायची सणगरांनी, आणि मग चिंचोक्याची खळ लावून ती ताठ करायची. बाजारात घोंगडीला नाव मिळते विणणाऱ्याचे, फार तर मेंढीचे. कातणारीचे कधी ऐकलेत?

तर देखाव्यात आम्ही बदल केला. कबीरांचा चरखा काढला आणि त्यांना मागावर बसवले. तेव्हाचा माग खड्ड्यातला. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचा. फरशीत खड्डा कोण खणू देणार? म्हणून कबीरांना मंदिराच्या ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसवले, खड्डा आपोआप झाला. चौकट आमच्या शेजारच्या बाबांनी ठोकून दिली. पंच्याऐंशीचे आहेत. गिरणीत साच्यावर बावीस वर्षे काढली, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्या दिवसापर्यंत. त्यानंतर त्यांनी साच्याला हात लावला नव्हता.

बाबांनी मुलांना धोटा दाखवायला घेतला आणि सवयीने तो ओठांना लावून श्वास ओढला. पोरे हसली. बाबा म्हणाले, "हसू नका, आम्ही असाच दोरा ओढायचो. कांडी संपली की नवी घालायची, आणि धोट्याच्या डोळ्यातून दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून काढायचे. दिवसाला किती वेळा, मोजले नाही." मग थोडे थांबून त्यांनी ते सांगितले जे मला माहीत होते, पण मुलांसमोर मी बोललो नसतो. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणून गिरण्यांमध्ये जास्त पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत घ्या, तरच आमचा पाठिंबा. मागणी यादीत आली, पण नाखुशीने. बाबांनी हे आपल्या वडिलांकडून ऐकलेले. "रात्री चाळीत चोखोबांचा अभंग म्हणायचो," ते म्हणाले, "आणि सकाळी धोटा लपवायचो." मुले गप्प झाली. मीही काही जोडले नाही.

कबीरांचा माग पुन्हा एकदा बघा. त्या काळी धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा. दोरीने उडणारा धोटा इंग्लंडात जॉन के याने 1733 मध्ये काढला आणि आपल्याकडे तो त्यानंतर फार उशिरा आला. म्हणून आमच्या कबीरांनी धोटा हातानेच फेकला. दोनदा तो मृदंगाचार्यांच्या पायाशी गेला.

कबीरांच्या पुढ्यात आठ मुली टकळ्या घेऊन बसल्या. आजवर देखाव्यात मुलींना मुक्ताई आणि जनाबाई अशा दोनच जागा असत, बाकीच्या रांगोळीला. या वेळी सगळ्यात गर्दीचा देखावा हाच झाला. काहींना आवडला नाही. एक ज्येष्ठ माळकरी म्हणाले, "संत दिसायला हवेत, बायका कशाला?" त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही, इतक्या वर्षांची नजर आहे. पण आरतीच्या वेळी त्यांच्याच घरच्या आजी मुलींजवळ येऊन बसल्या आणि एकीच्या हातून टकळी घेऊन म्हणाल्या, "अगं, पीळ उलटा देतेस." लहानपणी शाळेत शिकल्या होत्या. गेल्या साठ वर्षांत कोणी विचारले नव्हते.

त्या सप्ताहात आमच्याकडून साडेतीनशे मीटर सूत निघाले. बाबांनी त्यातून वीतभर पट्टी विणली आणि उरलेले टाळांच्या पेटीत ठेवले आहे. काही जणींचे म्हणणे, त्याच्या वाती करून काकड्याला लावाव्यात. मुलींना ते पुढच्या वर्षासाठी हवे आहे. अजून ठरलेले नाही.

एक विनंती मात्र तुम्हाला आहे. टकळीला चरख्यासारखी बैठक लागत नाही, ती चालता चालताही फिरते. मेंढ्यांमागे चालताना लोकर कातणाऱ्या बायका तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. कदाचित तुमच्या घरातच असतील. पालखीच्या वाटेवर, माण, खटाव, जत, सांगोला या बाजूला अशी कोणी आजी अजून कातत असेल तर तिला एवढे विचारून ठेवा की धागा तुटला की चालता चालता ती तो कसा जोडते. आमच्या मुलींना ते अजून जमत नाही. त्या थांबतात आणि मागची रांग खोळंबते.