बंद पडलेली पाच वर्षे

डेक्कन कॉलेजचा इतिहास सांगताना १९३४ ते १९३९ ही वर्षे एका ओळीत उरकली जातात: सरकारने काटकसरीसाठी कॉलेज बंद केले, पुढे ते उघडले. पण येरवड्याच्या त्या आवारात भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि संस्कृत कोश शेजारी शेजारी कसे आले, याचा उलगडा त्या ओळीतच आहे.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले, ते पेशवाईतल्या दक्षिणा-निधीच्या पैशावर. त्याचे १८५१ साली पूना कॉलेज झाले, १८६४ साली डेक्कन कॉलेज आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या वास्तूत गेले. या वास्तूसाठी जमशेटजी जीजीभाई घराण्याने देणगी दिली होती. टिळकांची खोली पाहायला येणाऱ्यांना हे नाव क्वचितच आठवते. मला मात्र पुढच्या कथेत तेच कळीचे वाटते. सरकारने दारे लावल्यावर माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचा आधार इथे शिकलेल्या टिळक-आगरकरांची पुण्याई नव्हता. शिक्षणासाठी दिलेल्या पैशावर उभी राहिलेली मालमत्ता सरकारला मन मानेल तशी वापरता येत नाही, हा रुक्ष मुद्दा होता.

या न्यायालयीन लढ्यानंतर १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारे उघडली, पण पदवीचे वर्ग परतले नाहीत. आली ती संशोधनसंस्था. म्हणून १८२१ पासून अखंड परंपरा सांगणाऱ्यांनी इथे थोडे थबकावे. नाव आणि वास्तू जुनीच राहिली, काम मात्र नवे होते. सुरुवातीच्या अध्यापकांत भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे, पुरातत्त्वाचे ह. धी. सांकलिया, समाजशास्त्राच्या इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यं. शं. शेजवलकर होते. त्याच साली साताऱ्याचा पारसनीसांचा दप्तरसंग्रहही इथे आला, म्हणजे शेजवलकरांच्या विषयाची कागदपत्रे त्यांच्या दारी आली. त्यांचे पानिपतावरचे इंग्रजी पुस्तक १९४६ साली संस्थेनेच छापले. कत्र्यांच्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ साली सुरू झाले आणि पहिला खंड निघायला १९७६ उजाडले.

एका छपराखाली बसल्याने विषय एकमेकांत मिसळतात असे नाही. भिंतीपलीकडच्या सहकाऱ्याचे काम ठाऊक नसलेले विभाग विद्यापीठांत कमी नाहीत. इथे ते मिसळले, याचा पुरावा गुजरातेत सापडतो. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे सांकलियांना वाळूच्या टेकाडात सूक्ष्म दगडी हत्यारे मिळाली होती. १९४४ साली तिथे माणसांचे सांगाडे निघाले. हत्यारांचे वाचन सांकलियांच्या हातचे, पण हाडांचे काय करणार? इरावतीबाईंची बर्लिनची डॉक्टरेट माणसाच्या कवटीच्या असममितीवर होती. आज नातेसंबंधांच्या अभ्यासक आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाई मोजपट्टी घेऊन हाडांपाशी बसल्या, त्या या जुन्या शिक्षणाच्या बळावर. या कामावरचा लेख १९४९ साली ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये आला. त्यावर दोन नावे आहेत, सांकलिया आणि कर्वे. आणि शीर्षकातही दोन गोष्टी आहेत, तिथली संस्कृती आणि तिथली माणसे.