दफ्तरानें संपविलेली साथ

आपल्या समाजांत कर्जाची पै न् पै वहींत लिहिली जाते आणि जमिनीचा उतारा जिवापाड जपला जातो. परंतु ज्याच्या खांद्यावर ती जमीन पिकते, त्या बैलाच्या दुखण्याची एखादी ओळ शेतकऱ्याच्या घरीं क्वचितच सांपडते. अशा ओळीचें मोल काय, हें बुळकांडीच्या इतिहासावरून कळून येतें.

ताप, तोंडांत व्रण, मग हगवण आणि थोडक्याच दिवसांत मरण, असा हा रोग होता. तो गोठ्यांत शिरला म्हणजे पेरणीच बुडे. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. शेजारचे नगर व नाशिक हे जिल्हे इंग्रजी अमलांत होते. पण साथीला सरहद्द ठाऊक नसते; बाजारास निघालेल्या गुरांच्या पावलांनीं ती पुढें सरके.

1871 सालीं सरकारी चौकशी मंडळानें गुरांच्या साथींवर अहवाल दिला. 1889 सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली व 1893 सालीं ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें गेली. तेथेंच पुढें एडवर्ड्‌स यांनीं बकऱ्यांच्या अंगीं सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. 1954 पासून देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. तरी रोग आणखी चार दशकें रेंगाळला.

शेवटचें काम वहीनें केलें. 1992 नंतरच्या मोहिमेंत पशुवैद्य गांवोगांव फिरले, त्यांनीं गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटा तपासल्या आणि दवाखान्यांच्या रोजच्या वह्याही चाळल्या. 1995 नंतर भारतांत रोग दिसला नाहीं. तरी तो खरोखर गेला आहे, असें जगानें मान्य करावयास 2006 साल उजाडलें. 2011 सालीं सारें जग मुक्त ठरलें. मरणाची नोंद दुःखच लिहवून घेतें; परंतु ‘आज रोग आढळला नाहीं’ ही नीरस नोंद वर्षानुवर्षें करावयास निष्ठा लागते, आणि निर्णय लागला तो तिच्याच बळावर.

आज गुराच्या कानांत 12 आंकडी बिल्ला असतो व त्याची नोंद संगणकांत होते. पण आंकडा म्हणजे केवळ नांव. चरित्र धन्यानेंच लिहावयाचें असतें. गाय कधीं व्याली, लस कधीं टोचली, दूध कोणत्या दिवशीं आटलें, एवढें लिहावयास घरांतील शाळकरी मूलही पुरे. एकाच गोठ्यांत दोन गाई सहाव्या महिन्यानंतर गाभडल्या, एवढ्या दोन ओळींवरूनही वैद्यास सांसर्गिक गर्भपाताची शंका येते आणि उरलेलीं जनावरें वांचवितां येतात. स्मरणशक्ति मात्र अशा वेळीं नेमकी तारीखच विसरते.