साडेअकरा पौंड आणि दीड रुपया : बडोद्याने परदेशी पाठवलेला एक विद्यार्थी

गेल्या वर्षी माझा पुतण्या शिकायला अमेरिकेला गेला. पहिल्या आठवड्यात रोज फोन. खोली मिळाली का, जेवणाचं काय, सोबतीला कोण आहे? घरच्यांचे हे तीनच प्रश्न, आणि रोज त्याच तीन प्रश्नांची थोडी बरी होत जाणारी उत्तरं. महिन्याभरात तो तिथला झाला आणि फोन आठवड्यावर आला. आज बडोद्यात कोणी ना कोणी परदेशी शिकायला गेलेलं नाही असं मराठी घर सापडणं अवघडच.

त्या फोनांवरून मला आपल्याच गावाने ११० वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला पाठवलेला एक विद्यार्थी आठवला. त्या विद्यार्थ्यापुढेही हेच तीन प्रश्न होते. न्यूयॉर्कमध्ये ते काही महिन्यांत सुटले. बडोद्यात मात्र अकरा दिवसांतही सुटले नाहीत. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या शिष्यवृत्तीबद्दल आपण बडोदेकर अभिमानाने बोलतो, आणि बोलावंच. पण गोष्ट पुरी सांगायची तर जाणं आणि येणं दोन्ही सांगायला हवं.

करार

सयाजीराव महाराजांची मदत आधीपासूनच होती. मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. पदवीनंतर, १९१३ च्या जानेवारीत, भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचा निरोप आला. मुंबईला निघालेले भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा रामजी सुभेदार शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, संस्थानशी करार झाला. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. बडोद्याला तेव्हा अमेरिका काही अनोळखी नव्हती. १९०६ साली महाराज स्वतः तो देश पाहून आले होते. तिथली ग्रंथालयं पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना १९१० साली बडोद्यास आणलं. आपल्या सेंट्रल लायब्ररीची घडी त्यांनीच बसवली. बॉर्डनसाहेब १९१३ साली परत गेले, आणि त्याच साली इथून हा विद्यार्थी तिकडे गेला.

न्यूयॉर्क : तीन प्रश्नांची उत्तरं

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस. वडील जाऊन सहा महिने झालेले नाहीत, मुंबईत परळला पत्नी रमाबाई आणि सात महिन्यांचा यशवंत. पहिला मुक्काम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात. तिथलं जेवण काही पटेना. पदार्थ अर्धेकच्चे, आणि गोमांसही बरंच. आठवड्याभरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये. पत्ता ५५४, वेस्ट ११४ वा रस्ता. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल. या इमारतीला आता वॉलॅक हॉल म्हणतात.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये सोबतीला होते नवल भथेना. एक पारशी, एक महार, आणि खोली एकच. या गोष्टीचं तिथे कोणाला काहीच वाटलं नाही. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे १९२० साली बाबासाहेब लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला निघाले तेव्हा उसने पैसे देणाऱ्यांत भथेना होते. हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्टीत पुढे आणखी काही पारशी येणार आहेत.

सुरुवातीचे काही महिने मजेत गेले असं त्यांच्या चरित्रात दिसतं. नव्या गावात गेलेलं कोणतं तरुण पोर हिंडत-फिरत नाही? मग लवकरच त्यांनी स्वतःला आवरलं. साडेअकरा पौंडांतूनच घरीही पैसे पाठवायचे होते, तेव्हा हात आखडूनच राहावं लागे. पोट मारून वाचवलेला पैसा जायचा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. निघेपर्यंत दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमली होती.

अभ्यास किती केला हे विद्यापीठाच्या दप्तरावरूनच दिसतं. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा प्रत्येकी एक. १९१५ साली एम. ए. झाले. प्रबंधाचा विषय प्राचीन भारतातील व्यापार. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी मांडलं की जातीच्या आत लग्न करण्याचा निर्बंध हेच जातिव्यवस्थेचं मूळ आहे. जात जिथे घडते त्या गावांपासून हजारो मैलांवर बसून, पंचविशीतल्या विद्यार्थ्याने ते लिहिलं आणि बरोबरीच्या माणसांसारखं वाचून दाखवलं. श्रोत्यांना निबंधात रस होता. वाचणाऱ्याची जात कोणी विचारली नाही.

न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्यांना त्यांनी पत्र लिहिलं होतं. मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष द्या, मुलांबरोबर मुलीही शिकल्या तर आपली माणसं किती लवकर पुढे जातील, असा त्यातला सूर आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी तिथलं काही पाहतो आणि मनात लगेच घरचं चित्र उभं राहतं. आमचा पुतण्याही हेच करतो, तिथली बससेवा पाहिली की इथल्या बसचं सांगतो. फरक एवढाच की भीमरावांच्या तुलनेत घरचं पारडं फार खाली जात होतं. कॉलेजात मुली मुलांबरोबर शिकताना दिसत होत्या, आणि इकडे शाळेत त्यांना स्वतःला हाताने पाणी घेऊन पिता येत नव्हतं.

पुढे १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं की आयुष्यातले उत्तम स्नेही मला तिथल्या काही सहाध्यायांत आणि जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन या गुरूंमध्ये मिळाले. माणूस परक्या गावात रुळला का, याची याहून चांगली साक्ष कोणती?

परत

१९१६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क सोडलं आणि लंडन गाठलं. तिथे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडे नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि करारातलं नोकरीचं कलम उभं राहिलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाकडून घेऊन १९१७ च्या उन्हाळ्यात ते मायदेशी निघाले. महायुद्ध चालू होतं. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट पाणतीराने बुडाली. त्याची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्याच पैशातून बडोद्याला जाण्याची सोय झाली.

सप्टेंबर १९१७. आता पुढचा भाग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात. चार वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असं ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली, आणि आली ती एका साध्या प्रश्नातून : जायचं कुठे? शहरात हिंदू खाणावळी होत्या, विश्या होत्या. तिथे नाव खरं सांगितलं तर कोणी घेणार नाही. खोटं सांगितलं आणि उघडं पडलं तर परिणाम काय, तेही माहीत होतं.

शेवटी त्यांना पारशी धर्मशाळा आठवली. पारशांच्या धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तिथे निभावेल अशी आशा. पण ती पारशांपुरतीच होती. खूप दिवसांत कोणी उतारू न आल्यामुळे रखवालदाराला पैशाची गरज होती. त्याने तोड काढली : नोंदवहीत पारशी नाव घालायचं आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. ठरलं. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, पलीकडे मोडक्या सामानाने भरलेलं दालन. विजेचे दिवे नाहीत, एक मिणमिणता कंदील, अंधारात वटवाघळं. दिवसभर महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी, आणि रात्री या खोलीत ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं. कचेरीतही शिपाई कागद लांबूनच टेबलावर टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, असं चरित्रकार नोंदवतात.

अकराव्या दिवशी सकाळी, पुस्तकं परत करायला म्हणून ते निघत होते तोच जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, हातात काठ्या. तू कोण, धर्मशाळा बाटवलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो. आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. बंगला मिळावा म्हणून आधीच केलेला अर्ज अडकलेला होता. महाराजांनी दिवाणांकडे पाठवलं, दिवाणांनी असमर्थता सांगितली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायको परगावाहून आली की विचारतो म्हणून सांगितलं. ते दांपत्य मूळचं ब्राह्मण, आणि बाईंचं सोवळं धर्म बदलूनही सुटलेलं नव्हतं. एकूण जबाबदारी एकाच समाजावर टाकून मोकळं होता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये खोली वाटून घेणारा पारशी होता, आणि बडोद्यात काठी घेऊन आलेलेही पारशीच. गाव बदललं तसं माणसांचं वागणं बदललं.

मुंबईची गाडी रात्री नऊची होती. चार-पाच तास काढायचे होते, आणि ते कुठे काढायचे हाही प्रश्नच होता. ते कमाटीबागेत जाऊन बसले.

आपली बाजू

कमाटीबागेत आज त्या प्रसंगाची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लांबलांबून माणसं येतात. आपण वारसाप्रेमी मंडळी बागेत जातो ती म्युझियम आणि जुनी झाडं दाखवायला. तिथे बसलेल्या त्या पाच तासांबद्दल आपण फारसं बोलत नाही.

माझे पणजोबा त्या काळी इथेच सरकारी नोकरीत होते. त्यांच्या शिस्तीच्या, वक्तशीरपणाच्या गोष्टी आमच्या घरात अजून चालतात. ‘त्या संध्याकाळी विलायतेहून आलेला एक तरुण आपल्या वाड्यावर आला असता तर?’ असं एकदा मी वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ओसरीपर्यंतसुद्धा नाही.’ बडोद्यात तेव्हा मराठी वाडे होते, शिकलेली घरं होती, आणि महाराजांचं राज्य देशात पुढारलेलं मानलं जाई. अंत्यजांसाठी शाळा इथे कधीच सुरू झाल्या होत्या. राजाच्या हुकमाने शाळा निघते, शिष्यवृत्ती मिळते. खोली मात्र शेजाऱ्याने द्यावी लागते.

बाबासाहेबांनी उपकार विसरले नाहीत, हेही नोंदवायला हवं. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना, शिक्षणाच्या मदतीबद्दल कृतज्ञतेने, अर्पण केला आहे. करारातली दहा वर्षांची नोकरी मात्र झाली नाही. ती का झाली नाही याचं उत्तर करारात सापडणार नाही, ते धर्मशाळेच्या जिन्यावर सापडतं.

पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्याला मी स्टेशनवरून कमाटीबागेपर्यंत चालत नेलं. अंतर फार नाही, रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, मला तिथे पहिल्या दिवशी खोली मिळाली नाही तर एका अनोळखी मुलाने आपल्या खोलीत जमिनीवर गादी टाकून दिली होती. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, काळजी कराल म्हणून.’

पुढच्या वारसाफेरीत आपण हीच वाट धरावी असं मला वाटतं : स्टेशनपासून सुरुवात, बागेत शेवट, आणि तिथे बसून त्या आत्मकथनातली बडोद्याची पानं मोठ्याने वाचायची. ज्यांना यायचं असेल त्यांनी घरातल्या एखाद्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सोबत आणावं.