बाउत्सेनचे सेंट पीटर चर्च

बाउत्सेन हे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील श्प्रे नदीकाठचे शहर. येथील सेंट पीटर चर्च १५२४ पासून कॅथलिक व ल्यूथरपंथी अशा दोन मंडळ्यांच्या वापरात आहे; जर्मनीतल्या अशा सामाईक चर्चमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. धर्मसुधारणेच्या काळात नगरपरिषद आणि बहुतेक नागरिक ल्यूथरकडे वळले, पण चर्चचे धर्मगुरुमंडळ कॅथलिकच राहिले. बाउत्सेन ज्यात येते तो लुसेशिया प्रांत तेव्हा बोहेमियाच्या कॅथलिक राजाकडे होता. त्यामुळे शहराला मंडळ हाकलता येईना आणि मंडळाला शहर वळवता येईना. अखेर वाटणी झाली: वेदीकडचा पूर्वभाग कॅथलिकांचा, लोकांच्या बैठकीचा मधला भाग ल्यूथरपंथीयांचा. वास्तूचा अक्ष मध्येच वाकलेला दिसतो, पण तो बाक या वाटणीहून जुना आहे.

या व्यवस्थेला सहिष्णुतेचा आदर्श म्हणण्याची प्रथा आहे; ती भाबडी वाटते. आत दोन वेद्या आणि दोन ऑर्गन आहेत. दोन्ही भागांमध्ये सुमारे ४.५ मीटर उंचीची पडदी होती. ती विसाव्या शतकाच्या मध्यास उतरवली, आणि आता जेमतेम कमरेइतकी उरली आहे. मिस्सा केव्हा, ल्यूथरपंथीयांची उपासना केव्हा, याच्या वेळा ठरलेल्या. हा शेजार टिकला तो जिव्हाळ्यामुळे नव्हे, तर हद्द आणि वेळ दोन्ही पक्की असल्यामुळे. पडदी उतरली हा जिव्हाळ्याचाच पुरावा, असे कोणी म्हणेल. पण ती उतरली तोवर चार शतके उलटली होती. त्या काळाचा हिशेब सलोख्याने लागत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की हद्द राखली ती राजाच्या धाकाने, कराराने नव्हे. सुरुवातीपुरते ते खरे. मात्र १६३५ मध्ये प्रांत सॅक्सनीच्या ल्यूथरपंथी इलेक्टरकडे गेला, तरी कॅथलिक आपल्या भागात राहिले, कारण हस्तांतराच्या अटींतच त्यांचे जुने हक्क राखून ठेवले होते. धाक गेला, कागद उरला.

हद्दीपलीकडची देवघेव मात्र अगदीच नव्हती असे नाही. येथील कॅथलिक डीन योहान लायझेनट्रिट याने १५६७ मध्ये जर्मन भक्तिगीतांचा मोठा संग्रह काढला. पंथाचा कडवा कैवारी असूनही त्याने त्यात ल्यूथरपंथीयांकडची गीते घेतली, गरज पडली तिथे शब्द बदलून.